देवळात घेतलेला जबाब

खनिज कायद्याच्या प्रशिक्षणाला मला पाठवलं ते माझी हुशारी बघून नव्हे. मे महिना होता. आमच्या तहसील कचेरीत ज्याच्या त्याच्या घरी आंबा उतरवायचा होता, काजू वाळत पडले होते, मुंबईहून माणसं यायची होती. अशा दिवसांत पाच दिवस वेंगुर्ल्याला जाऊन बसायला कुणी तयार नव्हतं. अव्वल कारकुनाने यादीत माझं नाव टाकलं आणि वर मलाच ऐकवलं की तू ग्रॅज्युएट आहेस, तुला शिकायची हौस, जा. हा 'ग्रॅज्युएट' शब्द तो असा उच्चारायचा की एखाद्या कातडीच्या रोगाचं नाव वाटावं.

मी होतेच ग्रॅज्युएट. आमच्या घरात पहिली, आमच्या वाडीत पहिली, आणि बायकांपुरतं बोलायचं तर अख्ख्या गावात पहिली. बी. ए., अर्थशास्त्र, सेकंड क्लास, एकही विषय न राहता. रोज चार मैल चालून एस.टी. पकडायची आणि संध्याकाळी तेवढंच चालत परत यायचं. हे मी त्या काळात कुणालाही, न विचारता सांगायचे. आजही सांगते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना यात बढाई दिसते. दिसू दे.

प्रशिक्षण एका शाळेच्या वर्गात होतं. सुट्टी असल्यामुळे वर्ग मोकळा, पण बाक सातवीच्या मुलांच्या मापाचे. त्यात बावीस तलाठी आणि कारकून गुडघे दुमडून बसले होते आणि तेविसावी मी. जिल्हा नवा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. खाणींचे अर्ज वाढले होते आणि त्यातलं नीट कुणालाच कळत नव्हतं, म्हणून हा कोर्स. शिकवायला खनिकर्म खात्यातले एक साहेब घाटावरून आले होते. उंच, वाळकुडे, इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कोकणातली हवा त्यांना सोसत नव्हती. दर दहा मिनिटांनी रुमालाने मान पुसायचे आणि आमच्याकडे असं बघायचे, जणू हा उकाडा आम्हीच केला.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक लाकडी पेटी उघडली. आत खण आणि खणांत नमुने. एका खणात जड काळा क्रोमाइटचा दगड, एका खणात इंजेक्शनच्या बाटलीत भरलेली किनाऱ्यावरची काळी चमकदार वाळू आणि तिसऱ्यात पांढरी शुभ्र वाळू. साहेब म्हणाले, ही देशाच्या दृष्टीने कळीची खनिजं आहेत. यांच्याशिवाय पोलाद नाही, रंग नाही, काच नाही, ओतकामाचे साचे नाहीत, आणि तुम्ही लोक यांच्यावर बसून भजनं करता. सगळे हसले. बावीस जण, बहुतेक इथलेच, आणि हसले. साहेबांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला.

ही पांढरी वाळू कोण ओळखतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आमच्या गावच्या ओढ्यात, व्हाळात, ही पसाभर मिळते, आम्ही तिने देवाच्या समया घासतो. पुन्हा हसले. साहेबांनी मात्र पेटी मिटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की जिच्यासाठी कोल्हापूरच्या फाउंड्र्या फोंड्याचा घाट उतरून ट्रक पाठवतात, तिने या बाई भांडी घासतात. पाच दिवसांसाठी माझं नाव 'समईबाई' पडलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणार, समईबाई, आज काय घासलात?

खोटं कशाला बोलू, साहेब शिकवायचे चांगलं. जमीन तुमच्या नावावर असली तरी पोटातलं खनिज सरकारचं. ते काढण्याचा खाणपट्टा सरकार देणार, त्यावरचं स्वामित्वधन सरकार घेणार. पण वरचा पृष्ठभाग कसणाऱ्याचा. त्याने तिथे झाडं लावली असतील, भात केलं असेल, तर त्याला विचारल्याशिवाय आणि त्याची भरपाई ठरल्याशिवाय खाणवाल्याने आत पाऊल टाकायचं नाही. आणि पृष्ठभागावर कुणी हक्कच सांगत नसेल तर विचारण्याचा प्रश्न येत नाही. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून, सायक्लोस्टाइल करून, दोऱ्याने टाचून आम्हाला दिलं होतं. त्या नोट्सचा त्यांना फार अभिमान. कुणी त्यावर चहाचा पेला ठेवला तर ते बोलता बोलता येऊन पेला उचलून बाजूला ठेवायचे.

मी त्या नोट्स दोनदा वाचल्या. बाकीच्यांनी त्यांचा पंखा केला.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांनी एक खरी फाईल वर्गात आणली. सिलिकाच्या म्हणजे त्या पांढऱ्या वाळूच्या खाणपट्ट्याचा अर्ज. नावांवर काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, कारण प्रकरण अजून चालू होतं. साहेबांनी सांगितलं की ही फाईल त्यांच्या टेबलावर शेऱ्यासाठी आली आहे आणि सोमवारी वर जाणार आहे. आम्हाला दाखवण्याचं कारण एवढंच, की असं स्वच्छ प्रकरण क्वचित मिळतं. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांपूर्वी मेलेल्यांची सामाईक नावं, कोण कुठला तुकडा कसतो याची नोंद नाही. असा गुंता एरवी वर्षानुवर्षं सुटत नाही. इथे तलाठ्याने पाच वहिवाटदारांचे जबाब घेतले आणि एका दिवसात सोडवला.

फाईल बाकावरून बाकावर फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी जबाब वाचले. पाचही सारखे. 'सदर डोंगर माझा नाही. देवीचा आहे. माझी काही हरकत नाही.' खाली तलाठ्याचा अहवाल, की कब्जेदार जमिनीवर हक्क सांगत नाहीत, सबब संमती व भरपाईची आवश्यकता दिसत नाही.

तिसऱ्या जबाबाखाली सहीवर काळी पट्टी होती. पण पट्टीच्या दोन्ही बाजूंनी एक रेघ बाहेर आली होती. सरळ, लांब, दाबून काढलेली, अक्षरांच्या गरजेपेक्षा चांगली दोन बोटं जास्त.

ती रेघ मी ओळखत होते, कारण ती मीच शिकवली होती. मी चौथीत असताना माझ्या बापाला सही करायला शिकवलं. तोवर तो अंगठा द्यायचा. त्याची अक्षरं वर-खाली जायची म्हणून मी त्याला सांगितलं, बाबा, आधी रेघ ओढा आणि मग तिच्यावर अक्षरं टांगा, पडवीत दोरीवर कपडे टाकतात तशी. तेव्हापासून तो आधी रेघ ओढतो. आपल्याला किती जागा लागेल याचा अंदाज नसल्यामुळे लांबच ओढतो. पट्टी चिकटवणाऱ्याने नाव झाकलं होतं. रेघ त्याला सही वाटली नसावी.

मग चतुःसीमा वाचली. पूर्वेला व्हाळ, पश्चिमेला देवीची राई, दक्षिणेला पायवाट. आमचाच डोंगर. फोंडाघाटाच्या अलीकडे आमचा गाव, आणि गावामागच्या उतारावर गडग्याने, म्हणजे दगड नुसते एकावर एक रचून केलेल्या कुंपणाने, पाडलेले पाच तुकडे. त्यातला मधला आमचा. त्यात बापाने आपल्या हाताने लावलेले काजू. माझी कॉलेजची फी त्या काजूंतून गेली.

आणि हे पाच शहाणे तो डोंगर आमचा नाही म्हणून सांगून मोकळे झाले होते.

कसं झालं असेल हे मला बसल्या जागी कळलं. डिसेंबरात देवीची जत्रा असते. गाव एकत्र सापडतो म्हणून तलाठी देवळातच आला असणार. सभामंडपात, देवीच्या समोर, खांबाला टेकून त्याने विचारलं असणार की हा डोंगर कोणाचा. आता आमच्या गावात देवीसमोर उभं राहून 'माझं' कुणी म्हणत नाही. घर कुणाचं, देवीचं. शेत कुणाचं, देवीचं. कडेवरचं पोर कुणाचं, तर तेही देवीचं. ती बोलायची रीत आहे. त्याच माणसाला बांधावर विचारा, वीतभर जागेसाठी तो चुलतभावाशी कोर्टात भांडत असतो. हे घाटावरच्या साहेबाला माहीत नसणं समजू शकते. पण जबाब लिहिणारा तलाठी आमच्या शेजारच्या गावचा. त्याला माहीत होतं. आणि तो माझ्या मागे दोन बाक सोडून बसला होता, पान चघळत.

मी उभी राहिले.

"साहेब, हे जबाब कुठे घेतले ते यात लिहिलेलं नाही."

"जबाब आहे, खाली सही आहे. कुठे घेतला त्याने काय फरक पडतो, बाई?"

मी रीत समजावून सांगितली. सगळ्यांना ती ठाऊक होती, पण कुणालाही मान हलवायची नव्हती. साहेबांनी मान पुसली.

"म्हणजे तुमचे लोक देवळात एक सांगतात आणि शेतात दुसरं. आमच्याकडे याला खोटं बोलणं म्हणतात."

"देवळात माझं म्हणणं याला आमच्याकडे मस्ती म्हणतात. आणि साहेब, तुमच्या नोट्समध्ये अकराव्या पानावर आहे, चौकशी प्रत्यक्ष जागेवर करावी."

त्यांनी नोट्स उघडल्या. आपलंच वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं. माझ्यावर चिडले असते तर बरं होतं. ते चिडले नाहीत, त्यांनी फाईल हातात घेतली आणि विचारलं की यातला तुमचा माणूस कोणता. मी सांगितलं, तिसरा, माझे वडील.

"म्हणजे तुम्ही सरकारी कर्मचारी म्हणून नाही बोलत. वारस म्हणून बोलताय."

"दोन्ही आहे मी," मी म्हटलं.

यावर कुणी हसलं नाही. साहेबांनी निकाल दिला तो असा. शुक्रवारी कोर्सचा शेवटचा दिवस, फोंड्याजवळच्या एका चालू खाणीवर सगळ्यांची भेट ठरलेली होती. ती रद्द. त्याऐवजी बस आमच्या डोंगरावर जाईल. तोच तलाठी, त्याच माणसाला, तोच प्रश्न जागेवर विचारेल. उत्तर बदललं तर फाईल फेरचौकशीला जाईल. बदललं नाही तर सोमवारी ती वर जाईल, आणि तिच्यासोबत माझ्या तहसीलदारांना एक पत्रही जाईल की प्रोबेशनवरच्या या बाईने घरच्या फायद्यासाठी सरकारी प्रकरणात अडथळा आणला.

एकवीस माणसं माझी वैरी झाली ती पत्रामुळे नव्हे. त्या चालू खाणीचा मॅनेजर सगळ्यांना जेवण देणार होता. कोंबडी-वडे. सोमवारपासून त्याचीच चर्चा चालू होती. समईबाईने आमचे वडे घासून नेले, असं एक कारकून मला ऐकवून म्हणाला. पाच दिवसांत कायद्यावर त्यांनी जेवढी चर्चा केली नसेल तेवढी त्या कोंबडीवर केली.

बाविसावा म्हणजे तलाठी. सुट्टीत नळावर हात धुताना तो माझ्या शेजारी आला. कचेरीत प्रमाण मराठीत बोलणारा माणूस, पण आता थेट मालवणीत.

"तुझ्या बापाशीन जां सांगल्यान तां मी लिवलंय. एक अक्षर वाडवूक नाय."

"भाऊसाहेब, बांधावर विचारलं असतंत तर काय लिहिलं असतंत?"

त्याने चूळ भरून थुंकली. म्हणाला की पाच जणांच्या मागे पाच बांध कोण फिरणार, आणि तुला एवढी काळजी तर आपल्या बापाला आधी शिकव. पैसे खाल्ले असते तर मला सोपं गेलं असतं. त्याने पैसे खाल्ले होते असं मला आजही वाटत नाही. त्याने उन्हात डोंगर चढायचा कंटाळा केला होता, एवढंच. कंटाळ्याने माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं लाचेने होत नाही, हे मी पुढे तीस वर्षं त्याच नोकरीत राहून बघितलं.

गुरुवारी चार वाजता मी वर्गातून उठून एस.टी. पकडली. कुडाळला बदलून, कणकवलीला बदलून दिवेलागणीला घरी पोचले. बाप पडवीत काथ्याच्या दोऱ्या वळत बसला होता. मी पाणी न पिता सगळं सांगितलं. खाणपट्टा म्हणजे काय, पृष्ठभाग म्हणजे काय, उद्या कोण येणार. तो दोरी वळत राहिला. तलाठ्याने खाणीबद्दल विचारलं होतं का, असं मी विचारलं. विचारलं होतं. मग? मग त्याने डोंगर कोणाचा ते विचारलं, ते सांगितलं.

"बाबा, उद्या फक्त 'माझो' म्हणा. एकच शबुद."

"देवीसमोर सांगलेला आता बदलू?" त्याने दोरीला पीळ दिला. "देवीच्या डोंगराक माझो म्हणान खंयच्या तोंडान सांगतलंय?"

मी खूप बोलले. शोभण्यापलीकडे बोलले. काजू कुणी लावले ते विचारलं. माझी फी देवीने भरली का ते विचारलं. तुमच्या एका वाक्याने तुमचा आणि आणखी चार घरांचा डोंगर जाणार आहे, आणि तुम्ही इथे भक्ती दाखवताय, असंही म्हटलं. तुम्हाला सही शिकवली ती यासाठी नव्हे, असं म्हटलं. हे शेवटचं म्हणायला नको होतं हे मला तोंडातून निघतानाच कळलं, पण मी ते मागे घेतलं नाही. त्याने दोरी गुंडाळून खुंटीला लावली आणि मला सांगितलं की गुरवाला विचारून देवीला कौल लावतो, देवीने उजवा दिला, म्हणजे उजवीकडचं फूल पाडलं, तर बोलतो. मी म्हटलं, उद्या दहा वाजता बस येणार आहे, देवीला फुलं चिकटवायला वेळ नाही. तो आत निघून गेला.

शुक्रवारी साडेदहाला बस पायवाटेच्या तोंडाशी थांबली. बावीस उपाशी माणसं आणि साहेब डोंगर चढले. साहेबांच्या शर्टाची इस्त्री अर्ध्या वाटेतच गेली, हे मी समाधानाने बघितलं. बाप आमच्या तुकड्यात होता, गडग्याच्या आत, एका काजूखाली वाळका पाला गोळा करत. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सगळे गडग्याच्या बाहेर उभे राहिले, कारण कोकणातला माणूस दुसऱ्याच्या गडग्यात बोलावल्याशिवाय शिरत नाही. एवढं मात्र त्या बावीस जणांनाही कळत होतं.

तलाठ्याने वहीवर कार्बन ठेवून, बाहेरूनच, विचारलं. हा डोंगर कोणाचा?

"देवीचो," बाप म्हणाला.

झालं. तलाठ्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, की ठीक, आलोच आहोत तर नमुना घेऊ या. त्यांच्या हातात दगड फोडायची लहान हातोडी होती. गडग्यातून आत जायची कवाडी वीस पावलांवर होती. पण साहेबांना वीस पावलं चालायची गरज वाटली नाही. कुणाचीच नसलेली जागा, तिला कवाडी कशाला. त्यांनी गडग्यावर एक पाय ठेवला, जोर दिला आणि वरचे चार दगड घरंगळले. त्यांनी पाय झटकला, दुसरा पाय आत टाकला, आणि उरलेल्या रांगेतला एक दगड काढून त्याच्यावर हातोडी घातली. आत कसला दगड आहे ते बघायला.

तो गडगा माझ्या आज्याने रचलेला. बाप दरवर्षी पावसाळ्याआधी त्याचा एकेक दगड बसवतो. आम्हा पोरांना त्यावर चढलं म्हणून मार पडलेला आहे.

बापाने पाल्याची पाटी खाली ठेवली. तो सावकाश चालत आला आणि साहेबांच्या समोर उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"भायर व्हा आदी."

साहेबांना शब्द कळले नसतील, पण ते थांबले.

"हो डोंगर माझो. माझ्या आज्यान राखलो, माझ्या बापाशीन राखलो, आता मी राखतंय. हयसर पाय ठेवच्या आदी माका इचारूक होयां होतां."

साहेब फुटक्या दगडाकडे बघत उभे राहिले. मग जिथून आले तिथूनच, पण या खेपेला दगडांना पाय न लावता, बाहेर आले. मान पुसली. तलाठ्याला म्हणाले, लिहा. तलाठी म्हणाला, साहेब, याने आधी देवीचा म्हणून सांगितलं, तेही लिहू? साहेब म्हणाले, दोन्ही लिहा, ज्या क्रमाने बोलला त्या क्रमाने, आणि मी गडग्यावरून आत गेलो होतो तेही लिहा. एवढं मला त्यांच्याबद्दल मान्य करावं लागतं. माणूस उद्धट होता, पण स्वतःच्या अकराव्या पानाशी प्रामाणिक राहिला.

बापाने जबाबाखाली आधी रेघ ओढली. मग अक्षरं टांगली. कागद तलाठ्याला दिला आणि पुन्हा पाला गोळा करायला गेला. माझ्याकडे त्याने तेव्हाही बघितलं नाही. परतीच्या वाटेवर तलाठी कुणाला तरी सांगत होता, की चेडवान, म्हणजे मी, बापाशीक पढवलान. मी वळून त्याला सांगितलं की पढवलं असतं तर पहिल्यांदाच बरोबर बोलला असता.

फाईल सोमवारी वर गेली नाही. फेरचौकशी झाली. उरलेल्या चौघांना त्यांच्या त्यांच्या बांधावर विचारलं, चौघांनीही 'माझा' म्हणून सांगितलं, आणि संमती नाही म्हणून सांगितलं. पावसाळ्याच्या शेवटाला कळलं की अर्जातून तो उतार वगळला. खाणवाल्याला व्हाळापलीकडची पडीक जागा मिळाली. माझ्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर साहेबांनी आपल्या हाताने शेरा लिहिला होता, 'विषयाचे आकलन उत्तम, वर्तन उद्धट'. ते प्रमाणपत्र मी फ्रेम करून घेतलं. अजून आहे.

चौघांपैकी कुणी मला बरं म्हटलं नाही. उलट त्यातल्या दोघांनी, कॉलेजात जाऊन बापाला देवीसमोर तोंडघशी पाडलं, असं गावभर केलं. त्यांचाही डोंगर वाचला होता. माझ्यामुळे वाचला होता. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

आमच्या घराकडे देवीचं तरंग धरायचा मान आहे. तरंग म्हणजे देवीच्या साड्या नेसवलेली उंच काठी. दसऱ्याला ती हातात धरून, सगळ्या गावाच्या पुढे, देवळापासून सोनं लुटायच्या जागेपर्यंत चालायचं. आज्याने धरलं, बापाने वीसेक वर्षं धरलं. त्या दसऱ्याला मी रजा काढून घरी गेले. वाजप सुरू झालं, तरंगं बाहेर निघाली, आणि आमचं तरंग माझ्या चुलत्याच्या हातात होतं. बाप माणसांत, मागे, पोराटोरांच्या रांगेत उभा. कुणी काढून घेतलं नव्हतं. त्यानेच आठ दिवस आधी गावकरांना, म्हणजे गावच्या मानकऱ्यांना, जाऊन सांगितलं होतं, की मी माझं म्हणालो, आता माझ्याने धरवणार नाही.

परत येताना मी त्याला वाटेत गाठलं. गावातल्या कुणी काही म्हटलं का, असं विचारलं. नाही म्हणाला. मग कायद्याने जे खरं तेच तुम्ही बोललात, यात देवीचं काय गेलं, असं विचारलं. मी आणखीही काही बोलणार होते. तो थांबला.

"तुका होयां होतां तां गावलां मा? मगे गप रव."

तो पुढे चालू लागला. वीस वर्षं दसऱ्याच्या वाटेवर काठी धरलेले हात, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग खिशात घालायला गेला. सदऱ्याला खिसा नव्हता.

तो मरेपर्यंत त्याने पुन्हा तरंग धरलं नाही. काजू मात्र दरवर्षी काढले आणि दरवर्षी पावसाआधी गडगा बसवला. साहेबांनी फोडलेल्या दगडाच्या जागी त्याने दुसरा दगड घातला, आणि मी हात लावायला गेले तेव्हा मला बाजूला केलं. मला त्याचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी मी बरोबर होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उभी राहीन.